अडीच टक्क्यांची सूट

मंदीत विक्रीकर उतरवला तर बाजार हलतो का? १ डिसेंबर २००८ रोजी ब्रिटनने मूल्यवर्धित कर १७.५ वरून १५ टक्क्यांवर आणला, तेरा महिन्यांसाठी. हिशेब तुम्हीच करा. ११७.५० पौंडांची वस्तू ११५ ला. म्हणजे सूट जेमतेम दोन टक्के, तीही दुकानदाराने गिऱ्हाइकापर्यंत पोचू दिली तर. दुकानांत वीस-तीस टक्के सवलतीच्या पाट्या आधीच लागलेल्या! शिवाय तिथे बहुतेक किराण्यावर हा कर शून्यच. गरिबाच्या चुलीला काय मिळाले? तरी कपात वाया गेली असे मी म्हणणार नाही. तिचा जोर मुदतीत होता. जानेवारी २०१० पासून दर पुन्हा चढणार, हे ठाऊक असलेला माणूस सोफा आधीच घेतो. ज्याची नोकरीच डळमळीत, तो मात्र जुन्याच सोफ्यावर बसून राहिला असणार.