वाफेतील सुप्त उष्णता



उल्हासनगर कॅम्प १ लगत शहाडला रेयॉनचा कारखाना आहे. तेथे द्रावणे तापविणारी वाफ आपल्या शाळेत खिचडीच्या झाकणाखालीही असते. १०० अंश सेल्सिअसची १ ग्रॅम वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता त्यास देते. ते पाणी पुढे ३७ अंशांपर्यंत निवताना केवळ ६३. म्हणूनच वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून दाहक. पृष्ठभागावर पाण्याचा सलग थर साचल्यास तो उष्णतेस अडवितो. सुटे थेंब ओघळून गेल्यास ती कित्येक पट वेगाने जाते. १९३० साली श्मिट व सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने दाखविले. झाकणावरील थेंब मुलांना अवश्य दाखवावेत. झाकण मात्र त्यांना उघडू देऊ नये.