लागलेला ब्रेक सुटलाही पाहिजे



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागे बसून ऐकावे, असा रिवाज आहे. तो मोडून आपण आम्हाला उभे केलेत. आमची शाळा गॅरेज आणि युनियनची कचेरी. म्हणून विषयही तिथलाच घेतला आहे : जुन्या मोटारीचा धरून राहणारा ब्रेक.

ब्रेक लागला नाही तर काय होते, हे लहान पोरही सांगेल. पण लागलेला ब्रेक सुटलाच नाही तर? आलापल्लीच्या बाजूला हा रोग फार. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते आणि गाडी दिवसच्या दिवस ओलीत उभी राहते. उभ्या गाडीचा ब्रेक गंजतो. चालती गाडी चिखल आणि धूळ खाते.

कॅलिपर म्हणजे चाकाच्या तबकडीला दोन्ही अंगांनी धरणारा चिमटा. पेडल दाबले की तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे सरतो आणि पॅड तबकडीला घासते. पाय काढल्यावर पिस्टन मागे आणायला तिथे स्प्रिंग नसते. त्याच्याभोवतीची रबरी रिंग दाबाने किंचित पिळलेली असते, ती पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेते. सारा कारभार त्या केसभर अंतराचा! पिस्टनवर गंज चढला किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकल्या, की अंतर नाहीसे होते.

मग गाडी एका बाजूला ओढते, जळका वास येतो, पेट्रोल जास्त लागते. पुढचा धोका मोठा आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ३ जातीचे नवे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर ती हमी १४० अंशांवर येते. तापल्या चाकाशी तेल उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल तळाला जाते. न सुटणारा ब्रेक शेवटी न लागणारा ब्रेक होतो.

परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जागी उचला, जॅकवर विसंबू नका, खाली पक्का टेकू द्या. जाम चाकाच्या कॅलिपरचे निपल किंचित सैल करा. चाक मोकळे झाले तर तेल अडकले होते. दोष आतून फुगलेल्या होज पाइपात किंवा मास्टर सिलिंडरात. मोकळे झाले नाही तर पिस्टन वा पिना धरल्या आहेत.

दुरुस्ती की बदली, याचा निवाडा धातूने करावा, मालकाच्या खिशाने नव्हे. पिस्टन गुळगुळीत असेल तर रबरी किट बदलून भागते. रिंग बसते तिथे खड्डे पडले असतील तर पिस्टन बदला. कॅलिपरही खराब असेल तर तोही. पॅड दोन्ही चाकांची एकदम बदलावीत. रबराला रॉकेल किंवा साधे ग्रीस लावू नये, ते फुगते. शेवटी नवे तेल भरून एअर काढावी.

आता आमच्या माणसाविषयी. हवेच्या दाबाने पिस्टन काढताना तो गोळीसारखा सुटतो. मध्ये लाकडी ठोकळा ठेवावा, बोटे ठेवू नयेत. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनिंगात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, आणि ते छातीत जाते. गॅरेजातल्या पोराला हे कोणी सांगत नाही.

मालक म्हणतो, "एवढी खेप मार, मग बघू." अपघात झाला की दोष चालकाचा! पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९० वे कलम सदोष गाडी चालवणाऱ्याला धरते, तसे ती चालवायला लावणाऱ्यालाही धरते. म्हणून आम्ही चालकबंधूंना सांगतो : दोष कागदावर लिहून द्या, तारीख घाला, एक प्रत स्वतःपाशी ठेवा.

आलापल्लीहून चंद्रपूर काय, गडचिरोली काय, शंभर किलोमीटरच्या आसपास. त्या वाटेने आजारी माणसे, बाळंतिणी जुन्याच गाड्यांतून जातात. मृगाआधी आपण घर शाकारतो; त्याच आठवड्यात गाडीची चारही चाके उचलून हाताने फिरवून पाहावीत. मिस्त्री "बदला" म्हणाला तर कारण विचारा, पटले तर घासाघीस करू नका.