मापात पाप नको : वस्तुमान, आकारमान आणि आपल्या शाळा



‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपल्या मराठीत रूढ आहे. ज्या समाजाने तो घडविला, त्याने मापातील लबाडीची झळ पुरेपूर सोसली असली पाहिजे. इतर चोरी पाठीमागे होते. मापातील चोरी मात्र माणसाच्या डोळ्यांदेखत होते आणि तरीही ती त्याला दिसत नाही. ती रोखण्यासाठी कायदा हवा, निरीक्षक हवेत. परंतु मोजणे म्हणजे काय हे जाणणारा ग्राहक आणि शेतकरी त्याहून अधिक हवा. असा नागरिक घडविण्याचे पहिले ठिकाण म्हणजे शाळेतील विज्ञानाचा तास होय. वस्तुमान व आकारमान यांच्या मापनाचा पाठ या दृष्टीने शिकविला जावा, एवढीच विनंती मी आज करणार आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. विज्ञान कसे शिकवावे हे सांगण्याचा अधिकार आपला. लोकांचे व्यवहार जवळून पाहण्याची संधी माहिती अधिकाऱ्याला मिळते, तेवढ्याच आधारावर मी बोलतो आहे.

एक शेर, दोन अर्थ

दशमान पद्धती येण्यापूर्वी आपल्याकडे खेडोपाडी धान्य पायलीने मोजले जाई. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, असा तो हिशेब होता. धान्याने किती जागा व्यापली, हे ही भांडी सांगत. म्हणजेच ती आकारमानाची मापे होती. त्याच वेळी बाजारात तराजूचाही शेर होता. ८० तोळ्यांचा हा शेर म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. अशा रीतीने ‘शेर’ हा एकच शब्द कधी जागा दाखवी, तर कधी भार. मापाने शेरभर बाजरी आणि शेरभर चुरमुरे सारखेच. तराजूत घातले की दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर!

त्यात माप सपाट भरावे की वर शीग लावावी, हा आणखी एक प्रश्न. घेताना शिगोशीग आणि देताना सपाट, असा व्यवहार झाला की पायली तीच राहूनही अडल्यानडल्याचे धान्य कमी होत असे.

हा गोंधळ दूर करण्यासाठी स्वतंत्र भारताने १९५६ साली प्रमाणित वजने व मापे यांचा कायदा केला. १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने आली आणि १ एप्रिल १९६२ पासून ती देशभर सक्तीची झाली. पुढे २००९ साली वैध मापनशास्त्र अधिनियम संमत झाला व १ एप्रिल २०११ पासून अंमलात आला. कायद्याने शेराच्या जागी किलोग्रॅम आणि लिटर ही दोन वेगळी नावे दिली. पण त्यांमागील दोन वेगळ्या कल्पना मनात रुजविणे कायद्याला जमणारे नाही. ते काम शिक्षकाचे आहे.

वर्गातील दोन प्रश्न

वस्तूत द्रव्य किती, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर वस्तुमान. वस्तूने जागा किती व्यापली, हा दुसरा. त्याचे उत्तर आकारमान. मोठ्या माणसांना हे सोपे वाटते, मुलांना ते तसे नसते. पसरट भांड्यातील पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतले की पाणी वाढले, असे लहान मूल सांगते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलांच्या विचारातील हा टप्पा जगापुढे मांडला. ही समजूत व्याख्या पाठ करून जात नाही. मुलाने स्वतः पाणी पुन्हा पहिल्या भांड्यात ओतून पाहिले म्हणजे ती हळूहळू जाते.

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. एकाच डब्यातून आधी बाजरी, मग चुरमुरे मोजावेत व दोन्ही तराजूत तोलावेत. मापनपात्रातील पाण्यात दोऱ्याने बांधलेला दगड बुडवावा; पाणी जितके वर चढले, तितके दगडाचे आकारमान. पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून, वक्र पृष्ठभागाच्या तळाशी वाचावी. प्रत्येक मापन तीनदा करून उत्तरापुढे एकक लिहावे. शिक्षकाने टेबलावर करून दाखविलेला प्रयोग मुले पाहतात. स्वतःच्या हाताने केलेला प्रयोग त्यांच्या लक्षात राहतो.

शाळेबाहेरचा धडा

या दोन प्रश्नांची सांगड घातली की घनता हाती येते आणि तिचा उपयोग रोजच्या जीवनात पावलोपावली आढळतो. एक लिटर पाण्याचे वस्तुमान जवळजवळ एक किलोग्रॅम असते. एक लिटर दुधाचे मात्र सुमारे १.०३ किलोग्रॅम. म्हणजे १०० लिटर दूध तराजूवर सुमारे १०३ किलोग्रॅम भरते. दर लिटरचा की किलोचा, हे न विचारणाऱ्या उत्पादकाला हा फरक महाग पडू शकतो. दुधात पाणी मिसळले की घनता उतरते; दुग्धतामापक ती घट दाखवितो.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागांत भात पिकते. पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या ३ टक्के द्रावणात, म्हणजे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून, बुडवावे, अशी शिफारस कृषी विभाग करीत आला आहे. मिठामुळे पाण्याचे आकारमान फारसे वाढत नाही, वस्तुमान मात्र वाढते. त्या दाट पाण्यात पोचट दाणे तरंगतात, भरलेले दाणे तळाशी बसतात. तरंगणारे काढून टाकावेत आणि तळचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे. ज्या मुलाने हा प्रयोग वर्गात समजून घेतला, तो घरी वडिलांना त्याचे कारणही सांगू शकेल.

नाशिकला पाणी देणारे गोदावरीवरील गंगापूर धरण मातीचे आहे. अशा धरणाचा भराव घट्ट झाला की नाही, हे ठरविण्यासाठी ठराविक आकारमानाचे पोकळ नळकांडे भरावात ठोकतात, त्यातील माती तोलतात आणि तिची घनता काढतात. मृदा आणि बांधकाम साहित्याच्या परीक्षणाचे काम करणारी महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘मेरी’, १९५९ साली आपल्या नाशकातच स्थापन झाली. हजारो कुटुंबांची सुरक्षितता ज्या परीक्षणावर अवलंबून असते, त्याच्या मुळाशी आपल्या वर्गातीलच दोन प्रश्न आहेत.

म्हणून हा पाठ परीक्षेतील चार गुणांपुरता ठेवू नये. मुलांना आठवडे बाजारात न्यावे, वजनांवरील पडताळणीची मुद्रा दाखवावी, बंद पाकिटावरील निव्वळ वजन वाचावयास सांगावे. दुकानदाराशी भांडण्याची गरज नाही. ‘काटा आधी शून्यावर आणा,’ असे दहा वर्षांचे मूल नम्रपणे म्हणू लागले, तर मापातील पापाला आपोआप आळा बसू लागेल.