अंगठा, चोखणी आणि दात
पालक बंधू-भगिनींनो, तान्हे मूल अंगठा चोखते म्हणून घाबरू नका; ते आईच्या पोटातही चोखते. बहुतेक मुले 2 ते 4 वर्षांच्या दरम्यान ही सवय आपणच सोडतात. काळजी पुढची आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास कायमचे दात येऊ लागतात. तेव्हाही अंगठा तोंडातच राहिला, तर वरचे दात पुढे येतात, खालचे आत झुकतात, टाळू अरुंद होतो. रबरी चोखणीचेही तेच. ती मधात बुडवून देऊ नका: दात किडतात, शिवाय वर्षाच्या आतील बाळाला मधातून विषबाधा होऊ शकते. अंगठ्याला मिरची लावण्याचा आपल्याकडचा उपाय तर निव्वळ छळ! विद्यार्थी मित्रांनो, धाकट्या भावंडाला चिडवू नका. झोपताना त्याचा हात हातात धरा.