जुन्या ट्रकची चाल आणि ओढ

१९४६ सालीं अमेरिकेंतील डॉज कंपनीनें ‘पॉवर वॅगन’ हा चारही चाकांना गति देणारा ट्रक विक्रीस आणला. महायुद्धांतील लष्करी गाडीचाच तो नागरी अवतार होता. हे ट्रक हौसेनें जतन करणाऱ्या मालकांपुढें आजही एक प्रश्न उभा राहतो: आंसांतील दंतचक्रांचें प्रमाण कोणतें ठेवावें?

मूळचें प्रमाण ५.८३, म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यास आंसाला गति देणाऱ्या दांड्याचे ५.८३ फेरे व्हावे लागतात. दुसरें प्रमाण ४.८९ चें. मूळ मापाच्या टायरांवर, टॉप गिअरमध्यें, ताशीं ४५ मैलांस पहिल्यानें एंजिनाचे मिनिटास सुमारें २६०० फेरे होतात, दुसऱ्यानें २२००. आवाज व झीज कमी होते खरी. परंतु फुकट कांहींच मिळत नाहीं. चाकाची ओढ सुमारें एक-षष्ठांशानें घटते.

शिवाय दोन्ही आंस एकदमच बदलावे लागतात. चारही चाकें जुंपलीं कीं पुढचा व मागचा आंस परस्परांस बांधले जातात. प्रमाण भिन्न असल्यास कोरड्या रस्त्यावर यंत्र पिळवटून मोडावयाचें.

आणखी एक गोष्ट मालक विसरतात. वेग पन्नासावरून साठावर गेला, तर गाडी थांबविण्याचें काम १.४४ पट होतें. ब्रेक मात्र जुनेच!

तेव्हां ज्याला चढावर ओझें ओढावयाचें आहे, त्यानें ५.८३ राखावें. ज्याला दूरचा प्रवास करावयाचा आहे, त्यानें ४.८९ खुशाल घ्यावें. पण आधीं ब्रेक तपासावेत. प्रमाण ठरविणें म्हणजे गाडीचें काम ठरविणेंच होय.