कच्च्या फळीचं करायचं काय?

आजचा भाग एका मेसेजवरून सुरू करतोय. आपल्या एका श्रोत्याने लिहिलंय, "दादा, तीन महिने रंगकाम करून बारा तुकड्यांची फौज उभी केली. त्यात पाच ऑक्झिलिया आहेत. प्रत्येक गेममध्ये त्याच आधी मरतात आणि मी हरतो. विकून टाकू आणि सगळे ब्लेड घेऊ का?"

विकू नकोस. निदान हा भाग संपेपर्यंत तरी नको.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी पटकन सांगतो. आपण बोलतोय डीबीएबद्दल, म्हणजे डी बेलिस अँटिक्विटाटिस. १९९० साली आलेले नियम. दोन फूट बाय दोन फुटांचा पट, दोन्हीकडे बारा-बारा तुकड्या, आणि तासाभरात निकाल. काळ इ.स.पू. ३००० ते इ.स. १५००, त्यामुळे महाराजांची फौज यात बसत नाही. हा प्रश्न दर आठवड्याला येतो म्हणून सांगून टाकलं. चार तुकड्या गेल्या आणि समोरच्याच्या त्याहून कमी गेल्या असतील, की तुम्ही हरलात.

लढाई साधी आहे. प्रत्येक तुकडीला एक आकडा असतो, त्यात फाशाचं दान मिळवायचं. ब्लेड म्हणजे जड, तलवारीने लढणारं पायदळ, रोमन सैनिकांसारखं. पायदळाविरुद्ध त्यांचा आकडा ५. ऑक्झिलिया म्हणजे हलक्या ढाली-भाल्यांचे, डोंगरात चपळ असलेले लोक. त्यांचा ३. तुमची बेरीज कमी आली तर मागे सरकायचं. बेरीज समोरच्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी आली तर तुकडी खलास. याला आपण 'डबल होणं' म्हणतो.

आता ३ विरुद्ध ५ ऐकलं की वाटतं, मेलोच. पण मोजून बघा. दोन फाशांच्या छत्तीस शक्यता. कोडसुद्धा लागत नाही, वहीत सहा बाय सहाचे चौकोन आखले की झालं. मी सवयीने पायथनमध्येच केलं, ते सोडा. छत्तीसपैकी सहा वेळा ऑक्झिलिया जिंकते. चार वेळा बरोबरी. वीस वेळा ती मागे सरकते. आणि फक्त सहा वेळा मरते.

वीस वेळा मागे सरकते! म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा ती हरते, पण जिवंत असते. समोरच्याने एक अख्खी लढाई खर्च केली आणि बदल्यात मिळवलं काय, तर बोटाच्या पेराएवढी जागा.

पण हे झालं दोन्ही बाजू झाकलेल्या असतील तर. एका बाजूला शत्रूची मोकळी तुकडी कोपऱ्याला कोपरा लावून उभी राहिली की तुमचा आकडा एकने कमी होतो. मग मरण्याच्या शक्यता छत्तीसात सहाच्या बाराच होतात. दोन्ही बाजूंनी आले तर अठरा. सहात एक, तीनात एक, दोनात एक. तीच तुकडी, तोच शत्रू. सलग तीन लढाया टिकायचं म्हटलं तर झाकलेली ऑक्झिलिया शंभरात साधारण अठ्ठावन्न वेळा टिकते. दोन्हीकडून उघडी पडलेली टिकते आठात एकदा.

मेसेज करणाऱ्या मित्रा, तुझ्या पाच ऑक्झिलिया कुठे मरतात ते मी न बघता सांगतो. त्या फळीच्या टोकाला असतात, किंवा ब्लेडच्या मधल्या भोकात एकएकट्या भरलेल्या असतात. "इथे जागा उरलीय, ठेव एक ऑक्झिलिया." बहुतेक नवे खेळाडू असंच मांडतात.

मग मांडायचं कसं? हे सगळ्यात चांगलं दाखवलंय इलिपाच्या लढाईने. इ.स.पू. २०६, स्पेन, आजच्या सेव्हिलजवळ. एकीकडे तरुण रोमन सेनापती स्किपिओ, दुसरीकडे कार्थेजचे हॅस्ड्रुबल आणि मॅगो. मॅगो हॅनिबलचा भाऊ. हा हॅस्ड्रुबल मात्र भाऊ नव्हे, गिस्गोचा मुलगा. कार्थेजमध्ये नावांचा एवढा दुष्काळ का होता देव जाणे.

पॉलिबियसच्या आकड्यांप्रमाणे स्किपिओकडे सुमारे ४५,००० पायदळ होतं आणि समोर ७०,०००. शिवाय ३२ हत्ती. आणि स्किपिओच्या पायदळातला मोठा हिस्सा स्पॅनिश मित्रटोळ्यांचा. त्यांच्यावर भरवसा ठेवायचा कसा? पाचच वर्षांपूर्वी त्याचा काका नाएउस ऐन मोहिमेत भाडोत्री केल्टिबेरियन सोडून गेल्यामुळे एकटा पडला आणि मारला गेला. त्याच्या थोडं आधी वडीलही तिथेच पडले होते. म्हणजे कच्चे लोक घेऊन लढणं धोक्याचं, आणि त्यांच्याशिवाय फौज पुरत नाही. तुमच्या-माझ्या बारा तुकड्यांची अडचण नेमकी हीच.

स्किपिओने काय केलं? काही दिवस दोन्ही फौजा रोज मैदानात येऊन नुसत्या उभ्या राहत होत्या. तो रोज उशिरा यायचा, रोमन मध्यभागी आणि स्पॅनिश दोन्ही टोकांना. कार्थेजनेही आपले सगळ्यात पक्के आफ्रिकन लोक मध्यभागी, रोमनांसमोर ठेवले. मग एके दिवशी त्याने आपल्या लोकांना पहाटेच जेवू घातलं, उजाडताच घोडदळ पाठवून शत्रूला उपाशीपोटी बाहेर काढलं, आणि मांडणी उलटी केली. स्पॅनिश मध्यभागी, रोमन टोकांना.

टोकांचे रोमन झपाट्याने पुढे गेले. मधले स्पॅनिश सावकाश चालत राहिले. इतके सावकाश, की टोकांना लढाई जुंपली तरी ते आफ्रिकनांपर्यंत पोचलेच नाहीत. आफ्रिकनांची पंचाईत झाली. टोकांच्या मदतीला वळावं, तर समोरून चालत येणारे स्पॅनिश बगलेत घुसतील. पुढे जावं, तर फळी मोडेल. ते उन्हात उभे राहिले. कार्थेजची सर्वोत्तम फौज, आणि टोकं कोसळेपर्यंत तिला नीट लढायलाच मिळालं नाही.

पटावर हे जसंच्या तसं चालतं, आणि त्याचं कारण नियमातच आहे. कुठल्याही तुकडीच्या बगलेला शत्रूचं तोंड लागलेलं असताना तिला मागे सरकावं लागलं, तर ती सरकत नाही, मरते. बगलेला लागलेला शत्रू कितीही कच्चा असला तरी. म्हणून समोर उभी असलेली ऑक्झिलिया न लढतासुद्धा ब्लेडला जागेवर बांधून ठेवते.

दुसरं म्हणजे हुकुमाचे पॉइंट. दर पाळीला एक फासा, त्यावर जेवढे पडतील तेवढ्या हालचाली. एकत्र असलेला गट एका पॉइंटात हलतो आणि उभ्या गटाला शून्य लागतो. चारही ऑक्झिलिया एका रांगेत, खांद्याला खांदा, मुख्य फळीच्या थोड्या मागे ठेवा आणि विसरून जा. दान १ पडलं तरी तो १ तुमच्या ब्लेडना मिळतो. समोरच्याला मात्र ठरवावं लागतं. मधले पक्के लोक पुढे आणायचे तर पॉइंट त्यांच्यावर घालायचे, आणि तेवढे टोकांना कमी पडतात.

झाडी किंवा खडकाळ जागा मिळाली तर अजून बरं. ब्लेडला तिथे दोनचा फटका बसतो, ऑक्झिलियाला नाही. ३ विरुद्ध ३. डबल होण्याची शक्यता सहात एकवरून अठरात एकवर येते.

"पण दादा, कॅनी?" हा प्रश्न येणारच, कारण यूट्यूबवर सगळ्यांनी तो अर्धचंद्राचा व्हिडिओ पाहिलाय. इ.स.पू. २१६, हॅनिबलने मध्यभागी गॉल आणि स्पॅनिश फुगवून ठेवले, रोमन त्यांना रेटत आत आले आणि दोन्ही बाजूंनी घेरले गेले. खरं आहे, जबरदस्त आहे. पण बिल बघा. पॉलिबियस सांगतो, हॅनिबलचे सुमारे ४,००० गॉल मेले, १,५०० स्पॅनिश आणि आफ्रिकन, आणि घोडदळाचे २००. मेलेल्या दर दहांतले सात गॉल. हॅनिबल स्वतः त्या मधल्या फळीत उभा होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तरी किंमत कोणी मोजली ते आकड्यांत दिसतं.

बारा तुकड्यांच्या खेळात चार गेल्या की संपलं. कॅनी करायला गेलात तर मधल्या चार ऑक्झिलिया म्हणजे तुमचा अख्खा जीव. टोकांचं घोडदळ दोन पाळ्या उशिरा आलं की खेळ खलास. मला विचाराल तर दहापैकी नऊ वेळा मी इलिपाच मांडेन. कॅनी तेव्हाच, जेव्हा घोडदळात तुम्ही उघडपणे वरचढ आहात.

आणि ऑक्झिलियाला लढावंच लागलं तर एक सवय लावून घ्या. एखादी तुकडी मागे सरकली की तिला सरकवणारा शत्रू मोकळा होतो आणि शेजारणीच्या कोपऱ्यावर बसतो. शेजारीण लगेच सहात एकवरून तीनात एकवर. त्यामुळे पुढच्या पाळीचा पहिला पॉइंट रांग सरळ करायला घाला, हल्ल्याला नाही. बहुतेक जण उलट करतात.

या आठवड्यात इलिपा मांडून बघा. ही माझी मांडणी आहे, अधिकृत यादी नव्हे. रोमन बाजूला ४ ब्लेड, ४ ऑक्झिलिया, २ घोडदळ, २ सायलॉय. कार्थेजला ४ भालेवाले मध्यभागी, ४ ऑक्झिलिया, २ हत्ती, २ घोडदळ. रंगवलेले सैनिक नसतील तर पुठ्ठ्याचे ४० मिलिमीटर रुंद तुकडे कापा, वर पेनाने नाव लिहा, चालतं. दोनदा खेळा, बाजू बदलून. कार्थेज घेतल्यावर ते मधले चार भालेवाले कसे कामाला लावलेत, ते व्हॉइस नोटवर पाठवा. चांगले तीन पुढच्या भागात ऐकवतो.