संपाची वेळ आणि पटकथालेखक

पटकथालेखकांच्या संपाविषयी बोलताना मागण्यांचाच ऊहापोह अधिक होतो. परंतु संपाचा निकाल मागण्यांच्या न्याय्यतेपेक्षा मालकाकडे तयार माल किती दिवस पुरेल यावर ठरतो, हे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. अमेरिकी लेखकांचा २०२३ चा संप सर्वांनी वृत्तपत्रांतून वाचलेलाच आहे. २ मे रोजी सुरू झालेला तो लढा १४८ दिवस चालला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर त्याने मर्यादा घालून घेतल्या, एवढे स्मरण पुरे. तो मिटत होता त्याच आठवड्यात नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी कांद्याचे लिलाव बंद ठेवले होते. नाशवंत मालाच्या बाजारात बंदची झळ ज्याच्या चाळीत माल आहे त्याला आधी लागते, हे लासलगावचे गणित श्रोत्यांना वक्त्याहून अधिक अवगत आहे, हे आताच्या हशावरून दिसतेच.

चित्रपटाची पटकथा वर्षभर थांबू शकते. दैनंदिन मालिकेचा भाग थांबू शकत नाही. वाहिनीकडे आगाऊ चित्रित झालेल्या भागांचा जो साठा असतो, ज्याला या व्यवसायात ‘बँक’ म्हणतात, तो आटला की निर्माता वाटाघाटीस येतो. २००८ च्या ऑक्टोबरात पश्चिम भारतीय सिने कर्मचारी महासंघाने मुंबईत काम थांबवले आणि नोव्हेंबरातील तंट्यात वाहिन्यांना जुनेच भाग दाखवावे लागले. तेव्हा लेखणी आणि कॅमेरा एकत्र थांबले, यातच त्या दबावाचे मर्म होते. उलट १९८२ च्या गिरणी संपाच्या आरंभी मालकांकडे कापडाचे साठे पडून होते. या उल्लेखाने सभेत चुळबुळ व्हावी हे स्वाभाविक आहे. कामगारांच्या त्यागाला उणे लेखण्याचा येथे हेतू नाही, प्रश्न केवळ वेळेच्या निवडीचा आहे.

नाशिकमध्ये हा विषय निघाला की दादासाहेब फाळके टळत नाहीत. १९१८ मध्ये येथे स्थापन झालेल्या हिंदुस्तान फिल्म कंपनीतून भागीदारांशी मतभेद झाल्याने फाळके बाहेर पडले, काशीस गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. इकडे कंपनीने त्यांच्याविना चित्रपट काढणे चालूच ठेवले, आणि १९२२ मध्ये ते परतले ते दरमहा १,००० रुपये वेतनावर. कथा, दिग्दर्शन, छायाचित्रण, रसायनशाळा हे सर्व ज्याच्या हाती, त्या माणसाचेही एकट्याने उठून जाणे यंत्र थांबवू शकले नाही. मग ज्याच्या हाती केवळ संवाद आहेत त्याने एकट्याने काय साधावे? फाळक्यांचा हा प्रसंग स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, परंतु अध्यक्षांची चिठ्ठी आलेली असल्याने त्यांची काशीयात्रा येथेच आवरती घेणे भाग आहे.

संपाऐवजी कायदा पुरेसा नाही काय, असा आक्षेप घेतला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात अशी तरतूद झाली की, चित्रपटगृहाबाहेर चित्रपटाचा वापर झाल्यास मिळणाऱ्या स्वामित्वधनातील, म्हणजे पुनर्वापरापोटी मिळणाऱ्या रकमेतील, समान वाट्याचा हक्क लेखकाला करारानेही सोडून देता येत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत यासाठी केलेला पाठपुरावा सर्वज्ञात आहे. तथापि कायद्याने हक्क दिला तरी वसुलीसाठी संघटना लागतेच, आणि एकटा लेखक निर्मात्याला दुखवण्यास धजत नाही. म्हणून मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशन आणि मालिका, नाटक व चित्रपट लेखकांची ‘मानाचि’ या संघटनांनी आधी दैनंदिन मालिकांचे लेखक संघटित करावेत, संपकाळासाठी निधी उभारावा, ‘बँक’ रोडावण्याची वाट पाहावी आणि मगच संपाची भाषा करावी; चित्रपटलेखकांपासून आरंभ करणे ही चूक ठरेल.

वेळ संपलेली असल्याने कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दा प्रश्नोत्तरांवर सोपवावा लागत आहे. सभेत लेखन करू इच्छिणारे जे तरुण आहेत, त्यांनी पहिल्या करारावर सही करण्यापूर्वी संघटनेचे सभासद व्हावे आणि तो करार तेथील जाणकारांकडून वाचून घ्यावा.